दोघांचा एकच रिपोर्ट

कोटाला ठिणगी पडून भोक पडलेलं असो नाहीतर शाल उंदरानं कुरतडलेली असो, लॉन्ड्रीत आलेलं गिऱ्हाईक काउंटरवर न थांबता सरळ आतल्या खिडकीशी जायचं. तिथं रफूबाई बसायची. तिचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कापडाच्या आतल्या दुमडीतून चार धागे ओढून काढायचे, बारीक सुईत ओवायचे आणि भोकावरून एक वर, एक खाली असे विणत न्यायचे, हे काम ती वीस वर्षं त्याच पाठ नसलेल्या स्टुलावर बसून करत आली होती. काम झालं की गिऱ्हाईक कापड उजेडात धरायचं, उलटंपालटं करायचं आणि विचारायचं, कुठं होतं हो भोक? याहून मोठी शाबासकी तिला नको असायची.

स्वभावानं बाई काळजीखोर. कुलूप लावल्यावर ओढून बघायची, चार पावलं गेली की परत येऊन पुन्हा ओढून बघायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळ्या गावाला मी वर पोचवतो आणि स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत चौथा मजला चढतो, असं तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा. हिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. त्याचा फोन लागला नाही की हिच्या डोळ्यांपुढं लिफ्टचा अंधारा खड्डा उभा राहायचा.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नव्हता. त्यानंतर त्या दोघांनी तो विषय काढणंच सोडून दिलं. तिला एकोणचाळिसावं लागलं आणि ध्यानीमनी नसताना पुन्हा पाळी चुकली.

सातव्या आठवड्यात एका दुपारी दुकानात असतानाच तिला थोडं लाल दिसलं. नवऱ्याला फोन करावासा वाटला, पण तो कुठल्यातरी बारा मजली इमारतीच्या गच्चीवर असणार, आणि वरून घाईनं उतरायला लागला तर? तिनं फोन ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत एकटीच मागच्या गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात गेली. तिथले सोनोग्राफीवाले डॉक्टर वयस्कर होते, जेवायला निघालेले. त्यांनी पुन्हा खुर्ची ओढली, यंत्र पोटावर फिरवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. जुळी आहेत म्हणाले, दोन ठोके दाखवले. मग यंत्र जरा बाजूला सरकवून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"ही तिसरी पिशवी आहे," ते म्हणाले. "हिच्यात वाढ थांबलेली दिसते. ठोका नाही. असं होतं कधीकधी. शरीर ती हळूहळू जिरवून टाकतं. बाकीच्या दोघांची काळजी नको."

त्यांनी छोटासा काळा फोटो आणि एक कागद हातात दिला. दुकानात परत येईपर्यंत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला दोनच सांगायचे. तिसऱ्याचं सांगायचं तर "गेलं" हा शब्द तोंडातून काढावा लागणार, आणि तो शब्द त्या घरात आधी दोनदा उच्चारला गेला होता. रोज घरी न्यायच्या तिच्या सुयांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी जाड पुठ्ठा होता, त्याखाली तिनं फोटो आणि कागद सरकवला. संध्याकाळी दोन ऐकून नवरा मटकन खुर्चीत बसला, मग उठून सगळ्या घरभर फिरला, मग पुन्हा बसला. त्याच्याकडे बघून तिला वाटलं, बरं केलं आपण.

मोठ्या इस्पितळात नाव घातलं तेव्हा आधी कुठं सोनोग्राफी केली का, याला तिनं नाही म्हणून सांगितलं. एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या मागोमाग येतंच. अकराव्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या एका नव्या तपासणीबद्दल सांगितलं. वय चाळिशीला टेकलेलं, त्यात जुळं, तेव्हा करून घ्या म्हणाल्या. बाळांच्या वारेतून सुटलेले बारीक कण आईच्या रक्तात तरंगत असतात. दंडातलं रक्त घेऊन त्या कणांवरून बाळांच्या गुणसूत्रांचा अंदाज बांधता येतो, पोटाला सुई लावावी लागत नाही. पण हा अंदाज आहे, निदान नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं.

रक्त घ्यायच्या आधी नर्सनं एक फॉर्म भराभर वाचून भरून घेतला. वय, वजन, साखर आहे का, रक्तदाब आहे का. याच गर्भारपणात आणखी एखादा गर्भ राहून नाहीसा झालाय का? नवरा शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स मांडीवर धरून बसला होता. "नाही," ती म्हणाली. नर्सनं खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

दहा दिवसांनी कळलं की निकाल लागलाच नाही. बाळांच्या कणांचं प्रमाण रक्तात कमी पडलं, जुळ्यांत असं जरा जास्त होतं, पुन्हा रक्त द्या. तिनं पुन्हा दंड पुढं केला. आता तिला सुई ओवायलाच दोन-दोन मिनिटं लागायला लागली. फोन वाजला की दचकायची, वाजला नाही की उचलून बघायची, चालू आहे ना.

दुसऱ्या खेपेला फोन आला तो इतकंच सांगायला, की उद्या दोघंही या.

खोली लहान होती. टेबलावर कागदी रुमालांचा खोका अगदी हाताशी येईल असा ठेवलेला. समोरच्या सल्लागार बाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी आडवळण घेतलं नाही. एकविसावं गुणसूत्र एक जादा असण्याची, म्हणजे डाउन सिंड्रोमची, शक्यता या तपासणीत जास्त आली आहे.

नवऱ्यानं विचारलं, "कुणाला?"

"ते यातून कळत नाही," बाई म्हणाल्या. "दोघांचे कण आईच्या रक्तात मिसळलेले असतात. दोघांचा मिळून एकच रिपोर्ट येतो. एकाला असेल, दोघांनाही असेल, किंवा कुणालाच नसेल."

कुणालाच नसूनही असा निकाल का येतो, हेही त्यांनी सांगितलं. कधी दोष फक्त वारेत असतो. कधी आईच्याच रक्तात काही असतं. कधी आणखी एखादा गर्भ सुरुवातीला असतो, तो विरून जातो, पण त्याचे कण कित्येक आठवडे रक्तात फिरत राहतात आणि तपासणी त्याचीच बातमी देते. "तुमच्या फॉर्मवर तसं काही नाही," बाई कागद बघत म्हणाल्या, "तरी पुन्हा विचारते. असं काही होतं का? तसं असलं तर या रिपोर्टकडे बघायची आमची नजर बदलेल."

नवरा तिच्याकडे बघत होता. आणि तिनं मान हलवली, नाही म्हणून. का, ते तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. खरं बोलण्यात भलंच होतं, आणि तेच तोंडातून निघेना.

पुढचे पाच दिवस वाईट गेले. लॉन्ड्रीवाल्या काकांची धाकटी बहीण दुकानात असायची. चव्वेचाळीस वर्षांची होती तरी सगळे तिला छोटीच म्हणायचे. तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम. प्रत्येक कपड्याला नंबरची चिठ्ठी टाचायचं काम तिचं, आणि त्यात ती अशी कडक की चिठ्ठी दाखवल्याशिवाय सख्ख्या भावालाही शर्ट मिळायचा नाही. वीस वर्षं रफूबाई तिच्या शेजारी डबा खात होती. दोघींची भांडणं होत, अबोला होई, मग छोटीच आपल्या डब्यातला अर्धा घास इकडे सरकवी. आता रफूबाई तिच्याकडे बघायला लागली की तिचे डोळे, मान, बोटं बघायची, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं होऊन खाली मान घालायची. काका कधीतरी म्हणाले होते, माझ्यामागं हिला कोण बघेल, या विचारानं मला म्हातारंही होता येत नाही. तेव्हा ते वाक्य तिच्या कानावरून गेलं होतं. आता ते जागचं हलेना.

त्यात थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन. आई गेल्यावर ताईनंच हिला वाढवलेलं, तेव्हा तिला बोलायचा हक्क होता आणि तो ती बजावायची. सगळं ऐकून घेऊन ताई हलक्या आवाजात म्हणाली, की एकालाच असलं तर आता त्यावर उपाय असतो म्हणे, एकाला ठेवून दुसऱ्याला... रफूबाईनं पुढचं ऐकलं नाही. भाजी करपतेय म्हणून तिनं फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतंच.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दोघं बाजारातून आली. नवऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. दुसऱ्या मजल्यावर ती धाप लागून थांबली, कठडा धरला, आणि तिथंच तिच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, तीन होती."

त्याला आधी कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. तो दवाखाना, ती तिसरी पिशवी, डब्याच्या तळाचा कागद, तीनदा म्हटलेलं "नाही". बोलताना ती त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती, चेहऱ्याकडे बघायचा धीर नव्हता. तो पिशव्या न ठेवताच पायरीवर बसला.

"मला दोनच माहीत होते," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला आणि तिच्यासाठी न थांबता वर चढून गेला. वरच्या दाराचा आवाज आला. ती तिथंच उभी. थोड्या वेळानं तो रिकाम्या हातांनी खाली आला, तिचा दंड धरला आणि तिला एकेक पायरी वर घेऊन गेला. त्या दिवशी तो जेवताना बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण इस्पितळातली त्यापुढच्या दिवसाची वेळ त्यानंच मागून घेतली होती.

डब्याच्या तळाचा कागद सल्लागार बाईंनी दोनदा वाचला. त्या रागावल्या नाहीत, उलट पेन खाली ठेवून म्हणाल्या, आणलात ते फार बरं झालं. मग डॉक्टरीणबाईही आल्या. हा निकाल तिसऱ्याचा असू शकतो, दोघीही म्हणाल्या. असू शकतो, आहेच असं नाही. खात्री करायची तर पोटातून सुई घालून दोन्ही पिशव्यांतलं पाणी वेगवेगळं काढावं लागेल. त्यात गर्भ जाण्याचा धोका थोडा आहे, शंभरात एखाद्या बाईच्या बाबतीत तसं होतं. नको असेल तर थांबायचं आणि सोनोग्राफीत लक्ष ठेवायचं.

बाहेरच्या बाकड्यावर नवऱ्यानं त्या संध्याकाळनंतरचा पहिला सरळ प्रश्न विचारला.

"काहीही निघालं तरी तू दोघांनाही ठेवणार. मग सुई कशाला?"

ती काहीही निघालं तरी ठेवणार, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. तिनं ते अजून स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला कळलं, की हो, तसंच आहे.

"मला पोटात गुपित ठेवून आणखी पाच महिने नाही जगता येणार," ती म्हणाली. "सात आठवडे करून बघितलं."

त्यानं तिची पर्स पुन्हा आपल्या मांडीवर घेतली.

सोळाव्या आठवड्यात ती टेबलावर झोपली. उजवीकडच्या बाळाच्या पिशवीतलं पाणी लगेच मिळालं. डावीकडे सुई नेली आणि डॉक्टरीणबाई थबकल्या, पुन्हा कोन बदलला, पुन्हा थबकल्या. मग सुई बाहेर काढून म्हणाल्या, की इथला पिशवीचा पडदा अजून गर्भाशयाच्या भिंतीला नीट चिकटलेला नाही. सुई आत शिरायच्या ऐवजी पडदाच पुढं ढकलला जातोय. जबरदस्ती करायची नाही, आठवड्यानं बघू. नर्स समजावून सांगायला लागली, पण रफूबाईला समजावायची गरज नव्हती. सैल कापडात सुई घातली की कापड पुढं जातं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

तीन दिवसांनी उजव्याचा निकाल आला. गुणसूत्रं ठीक.

आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. ती उजव्या कुशीवर हात ठेवून बसायला लागली. मनात काही बोलायची ते उजव्याशीच. दुकानातून येताना धक्का लागला की हात आधी उजवीकडे जायचा. डाव्याचा विचार आला की मन चटकन दुसरीकडे वळायचं, जणू त्या बाजूला कुणी नाहीच. चौथ्या दिवशी कोटाच्या बाहीवर काम करताकरता तिच्या ते ध्यानात आलं. पोरांत डावं-उजवं करणाऱ्या आयांना ती आजवर नावं ठेवत आलेली. आणि आपण तर जन्माच्या आधीच सुरुवात केली! तिनं सुई ठेवली, डावा हात पोटाच्या डाव्या बाजूला लावला आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलवला नाही. एका हातानं रफू होत नाही, त्यामुळे त्या दुपारी काम काही झालंच नाही. छोटीनं दोनदा येऊन विचारलं, पोट दुखतंय का. नाही म्हटल्यावर तिनं बिनचिठ्ठीचा एक टॉवेल आणून तिच्या पाठीच्या आणि भिंतीच्या मधे खुपसला.

सतराव्या आठवड्यात पडदा जागेवर बसला होता. दुसरी सुई नीट लागली. त्यानंतरचे तीन दिवस नवरा उंच इमारतींच्या कामावर गेलाच नाही. फोन लागला पाहिजे म्हणून त्यानं तळमजल्यावरची कामं मागून घेतली, सहकाऱ्यांची चेष्टा ऐकून घेतली.

फोन आला तेव्हा दुकानात वाफेच्या इस्त्रीचा आवाज चालला होता, म्हणून तिला नर्सचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं. डाव्याचंही ठीक. दोघांचंही ठीक. रक्तातली ती बातमी बहुधा तिसऱ्याचीच होती, पण आता ते तपासून बघता येणार नाही. ती "बरं" म्हणाली, आणखी एकदा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. समोर छोटी उभी होती, ओठांत टाचण्या धरून, तिच्याकडे बघत.

चांगली बातमी आहे, असं सांगायला रफूबाईनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. चांगली म्हणजे काय? तुझ्यासारखी नाहीत, हेच ना? वीस वर्षं जिच्या डब्यातला घास खाल्ला तिच्यापुढं हे कुठल्या तोंडानं बोलायचं?

छोटीनं टाचण्या काढून हातात घेतल्या. "बाळं येणार?"

"येणार."

"कधी?"

"थंडी संपली की."

छोटी हिशेब करत राहिली, मग म्हणाली, तोवर निळ्या कोटाचं काम करून टाक, माणूस दोनदा येऊन गेला. रफूबाईनं निळा कोट ओढला. डोळ्यांपुढचं भोक धूसर दिसत होतं. तिनं डोळे पुसले आणि पहिला धागा ओढला.

घरी नवऱ्यानं बातमी ऐकली आणि म्हणाला, "तो फोटो दाखव." तिनं डबा उघडला. खिडकीशी जाऊन त्यानं तो काळा चौकोन उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. तिसरं कुठलं, म्हणून विचारलं. तिनं बोटानं दाखवलं. त्यानं मान हलवली. फोटो परत न देता आपल्या पाकिटात ठेवला. तिथून पुढं त्याचा अबोला संपला.

काळजी मात्र संपली नाही. छत्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, सहा मिनिटांनी मुलगा. मुलाचं वजन कमी म्हणून त्याला नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, तर त्या नऊ दिवसांत तिनं नर्सना प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा केला. घरी आल्यावर कोण जास्त प्यालं, कोण कमी झोपलं, कुणाचा श्वास घरघरतो, याची तिच्या डोक्यात अखंड घोकंपट्टी. ताई महिनाभर येऊन राहिली. मुलाला मांडीवर घेऊन ती एकदा रडली, फोनवरच्या त्या अर्ध्या वाक्याबद्दल दोघी बहिणींत पुढं कधीच बोलणं झालं नाही.

मुलं तीन-साडेतीन महिन्यांची असताना एका सकाळी त्यांना लस टोचून घेऊन नवराबायको दवाखान्याच्या बाहेर पडली. नवऱ्यानं दोन्ही मुलांना घेतलं होतं, एकेका हातावर एकेक. मुलं टिपेला पोचून रडत होती. रस्ता रुंद होता आणि गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या.

"अहो, थांबा," ती म्हणाली. "माझा हात धरा."

"कुठल्या हातानं धरू?" तो म्हणाला.

तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत घट्ट आवळलं, दोन्हीकडे तीन-तीनदा बघितलं आणि सगळ्यांना पलीकडे नेलं.